देवयानी लहान कशी झाली?

२०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. अमावास्येच्या आसपासची रात्र पाहून आमचा शिक्षकांचा लहानसा गट आठवी-नववीची काही मुले घेऊन गावापासून दूर, एका धरणाच्या काठी गेला होता. बरोबर एक साधा डीएसएलआर कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स आणि आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारे छोटे यंत्र होते. शर्मिष्ठेच्या खाली देवयानी तारकासमूहातली दीर्घिका मुलांनी आधी नुसत्या डोळ्यांनी शोधली, मग कॅमेरा तिच्याकडे वळवला. एक-एक मिनिटाची साठ छायाचित्रे घेतली.

मुलांना नुसते सुंदर चित्र नको होते, दीर्घिकेची आकाशातली रुंदी मोजायची होती. त्याचे गणित सोपे आहे. आमच्या कॅमेऱ्याच्या संवेदकावरचा एक चौकोन, म्हणजे एक पिक्सेल, ०.००४३ मिमी रुंद आहे. त्याला लेन्सच्या नाभीय अंतराने, म्हणजे २०० ने भागले आणि आलेल्या रेडियनचे विकलांत रूपांतर करण्यासाठी २,०६,२६५ ने गुणले, की एका पिक्सेलला सुमारे ४.४ विकला येतात. साठही चित्रे संगणकावर एकमेकांवर नीट बसवून त्यांची सरासरी काढली. पडद्यावर दीर्घिका टोकापासून टोकापर्यंत सुमारे १९०० पिक्सेल भरली. म्हणजे २.३ अंश. पूर्ण चंद्र साधारण अर्ध्या अंशाचा, तेव्हा साडेचार चंद्र ओळीने मांडल्यासारखे झाले. मुले खूश झाली.

चित्राच्या उजव्या बाजूला मात्र तालुक्याच्या गावातल्या दिव्यांचा पिवळट उजेड पसरला होता. तो काढण्यासाठी आम्ही एक प्लगइन चालवले. चित्र एकदम स्वच्छ झाले, आकाश काळेभोर. आम्ही पाठ थोपटून घेण्याच्या बेतात होतो, इतक्यात आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, देवयानी लहान झाली."

तिने पुन्हा मोजले होते. आता १३०० पिक्सेल भरत होते, म्हणजे १.६ अंश.

या प्लगइनांनी त्या आठवड्यात आम्हांला बराच त्रास दिला. बहुतेक त्रास किरकोळ होता. हा शेवटचा मात्र नव्हता. तो कळायला आधीचे थोडे सांगावे लागेल.

मिक्सर आणि भांडी

चित्रांवर काम करणारा मोठा प्रोग्रॅम म्हणजे मिक्सरची मोटर, आणि प्लगइन म्हणजे तिच्यावर बसवायचे भांडे. चटणीचे वेगळे, वाटणाचे वेगळे. फोटोशॉप १९९० मध्ये आला. फुकट मिळणारा गिम्प १९९६ मध्ये लोकांच्या हाती आला. बाहेरच्या माणसाने लिहिलेले छोटे प्रोग्रॅम जोडून घेण्याची सोय हे या दोघांचेही बलस्थान ठरले. आकाशाची छायाचित्रे घेणाऱ्यांनी मग आपापल्या गरजेची भांडी बनवली. एखादे पार्श्वभूमीचा उजेड काढते, एखादे तारे पुसून फक्त तेजोमेघ ठेवते, तर एखादे चित्रातली खरखर कमी करते. सिरिल हा खास खगोल-छायाचित्रांसाठी असलेला मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात पार्श्वभूमी काढण्याची सोय आतच आहे, पण तारे पुसण्यासाठी तोही स्टारनेट नावाच्या स्वतंत्र प्रोग्रॅमला हाक मारतो.

भांडे बसत नाही, अशी तक्रार पहिली येते. प्लगइन उतरवून घेतले, फोल्डरात टाकले, पण यादीत त्याचे नावच नाही. अशा वेळी प्लगइन बिघडलेले असण्याची शक्यता फार कमी. बहुधा त्याची बैठक आणि मोटरीची बैठक जुळत नसते. विंडोजवर फोटोशॉपची ६४ बिटी आवृत्ती २००८ मध्ये आली. जुनी ३२ बिटी प्लगइने तिला दिसतच नाहीत, आणि २०१८ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून ३२ बिटी फोटोशॉप बंदच झाला. अॅपलने स्वतःच्या बनावटीचे प्रोसेसर आणल्यावर २०२१ मध्ये तिथेही हाच प्रश्न उभा राहिला. गिम्पची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. तिला पायथन भाषेची तिसरी आवृत्ती लागते, त्यामुळे दुसरीत लिहिलेली जुनी प्लगइने तिथे चालत नाहीत. शिवाय प्रत्येक प्लगइन त्याच्याच नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवावे लागते. मोकळी फाइल टाकली तर गिम्प तिच्याकडे पाहतही नाही, आणि तसे सांगतही नाही.

भल्याभल्यांना हे चुकलेले नाही. हबल दुर्बिणीची मूळ चित्रे फिट्स नावाच्या स्वरूपात असतात. हे स्वरूप १९८१ मध्ये ठरले, आणि फोटोशॉपला ते वाचता येत नसे. म्हणून २००४ मध्ये युरोपीय व अमेरिकी संस्थांनी मिळून फिट्स लिबरेटर नावाचे प्लगइन काढले. पुढे २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी ते फोटोशॉपपासून सोडवून स्वतंत्र प्रोग्रॅम केला. २०२१ ची चौथी आवृत्तीही स्वतंत्रच आहे. भांड्याला स्वतःची मोटर दिली, की दुसऱ्याच्या मोटरीवर अवलंबून राहणे संपते.

मग नक्की कशामुळे चालले?

भांडे बसते पण फिरत नाही, ही तऱ्हा अधिक चिडवणारी. आमचे तारे पुसणारे प्लगइन यादीत दिसत होते. बटन दाबले की क्षणभर काळी खिडकी उघडे आणि बंद होई. चूक काय ते कळेना.

इथे आम्ही स्वतःच एक ढोबळ चूक केली. विज्ञानाच्या तासाला मुलांना सांगतो, की एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्यक्षात आम्ही प्लगइन पुन्हा बसवले, चित्राचे स्वरूप बदलले, फोल्डर दुसरीकडे नेला आणि संगणक बंद करून चालू केला, हे सगळे एका दमात. प्लगइन चालले. तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मग नक्की कशामुळे चालले?" उत्तर नव्हते.

मुलांनी मग उलट दिशेने काम केले. चाललेल्या स्थितीतून एकेक बदल मागे घ्यायचा, प्लगइन चालवायचे आणि वहीत लिहायचे. स्वरूप पूर्वीचे केले, चालले. प्लगइन जुन्या जागी नेले, चालले. चित्राचा फोल्डर पूर्वीच्या ठिकाणी नेला, पुन्हा तीच काळी खिडकी. त्या फोल्डरचे नाव मुलांनी हौसेने देवनागरीत 'देवयानी' असे दिले होते. मोठ्या प्रोग्रॅमला ते वाचता येत होते, पण त्याने ज्याला हाक मारली त्याला फक्त रोमन अक्षरे कळत होती. त्याला दिलेला पत्ता त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. नाव रोमन अक्षरांत करताच अडचण संपली. मराठी शाळांतून हे होण्यासारखे आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या, जुन्या संगणकावर मात्र हाही उपाय लागू पडला नाही. स्टारनेटच्या बऱ्याच आवृत्त्या टेन्सरफ्लो या संचावर उभ्या आहेत. त्या संचाच्या २०१८ पासूनच्या तयार आवृत्त्यांना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचनांची सोय लागते. ही सोय इंटेलच्या प्रोसेसरांत २०११ पासून येऊ लागली, पण स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉन मालिकांत ती पुढेही बरीच वर्षे नव्हती. शाळांना मिळालेले संगणक बहुधा याच मालिकांतले. आपल्याकडे असा संगणक असेल तर सुट्या जागा तपासत बसू नये, दुसरा संगणक शोधावा.

तिसरे कारण चित्राच्या खोलीचे. कॅमेऱ्याची कच्ची फाइल १४ बिटांची असली तर प्रत्येक पिक्सेलला ० ते १६,३८३ पर्यंतची संख्या मिळते. नेहमीच्या जेपीजीत फक्त ० ते २५५. काही जुनी प्लगइने आठ बिटांवरच चालतात, काही सोळा बिटांचे चित्र मागतात, आणि फोटोशॉपात चित्र ३२ बिटी असले की कितीतरी फिल्टरांची नावे फिकट होऊन बसतात. नाव फिकट दिसले की घाईने चित्र आठ बिटांचे करण्याचा मोह होतो. तो टाळावा. १६,३८४ पायऱ्यांच्या जागी २५६ करायच्या म्हणजे प्रत्येक ६४ पायऱ्यांची एक करायची. दीर्घिकेची फिकट कड समजा २० ते ६० या संख्यांत असेल, तर त्या चाळीस पायऱ्यांचे मिळून एकच शून्य होईल. प्लगइन चालेल, पण ज्यासाठी चालवायचे ते उरलेले नसेल.

नऊ चौकोनांची देवयानी

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. इथे प्लगइन बसले होते, फिरलेही होते, कसलीही तक्रार न करता त्याने चित्र दिले होते.

उजेड काढणारे प्लगइन काय करते? ते चित्रात काही ठिकाणी नमुने घेते. 'इथे दीर्घिका नाही, नुसते आकाश आहे' असे धरून त्या नमुन्यांवरून उजेडाचा उतार ठरवते, आणि तो साऱ्या चित्रातून वजा करते. फळ्यावर हे सहज दाखवता येते. नऊ चौकोनांची एक ओळ घ्या. गावाच्या उजेडाचे आकडे डावीकडून उजवीकडे असे वाढतात:

२०, २२, २४, २६, २८, ३०, ३२, ३४, ३६

दीर्घिकेचा स्वतःचा प्रकाश असा:

०, ०, २, ६, १२, ६, २, ०, ०

कॅमेऱ्याला दोहोंची बेरीज दिसते:

२०, २२, २६, ३२, ४०, ३६, ३४, ३४, ३६

मुलांना फक्त ही शेवटची ओळ द्या. दोन टोकांचे चौकोन, म्हणजे २० आणि ३६, आकाश आहेत असे धरून मधली सरळ रेषा काढायला सांगा. ती वजा केली की दीर्घिका जशीच्या तशी परत मिळते, पाच चौकोन रुंद.

दुसऱ्या गटाला सांगा, की तिसरा आणि सातवा चौकोन आकाश आहे असे धरा. तिथे आकडे २६ आणि ३४ आहेत. रेषा येते २२, २४, २६, २८, ३०, ३२, ३४, ३६, ३८. वजाबाकी करून पाहा: उणे २, उणे २, ०, ४, १०, ४, ०, उणे २, उणे २. चित्रात उणे प्रकाश नसतो, म्हणून प्रोग्रॅम उणे आकड्यांचे शून्य करतो. उरते ०, ०, ०, ४, १०, ४, ०, ०, ०. पाच चौकोनांची दीर्घिका तीन चौकोनांची झाली. आकाश मात्र पहिल्या गटापेक्षा जास्त काळे आणि नीटनेटके दिसते!

आमचे नेमके हेच झाले होते. प्लगइनने आपोआप घेतलेले नमुने पडद्यावर दाखवून पाहिले, तर त्यांतले कितीतरी देवयानीच्या फिकट कडेवर पडले होते. प्लगइनची गणिती चूक काहीच नव्हती. त्याला आम्ही कडेला आकाश म्हणू दिले आणि त्याने ते इमानाने मानले.

नमुने जास्त घेऊन सरळ रेषेऐवजी लवचिक वक्र वापरला तर आणखी एक गंमत होते. वरच्या ओळीत पहिला, तिसरा, सातवा आणि नववा चौकोन आकाश धरून वक्र काढा. तो दीर्घिकेखाली फुगतो, आणि दुसऱ्या व आठव्या चौकोनात आकाशापेक्षाही वर जातो. वजाबाकीनंतर तिथे खड्डा पडतो. खऱ्या चित्रात दीर्घिकेभोवती काळे कडे दिसते. असे कडे दिसले की नमुने कुठे पडलेत ते आधी पाहावे. सिरिलमध्ये नमुने हाताने उडवता येतात आणि बहुपदीची घात एकपासून चारपर्यंत निवडता येते. आम्ही दीर्घिकेवरचे आणि तिच्या आसपासचे सगळे नमुने काढून टाकले आणि घात एक ठेवली.

हे काम केव्हा करायचे, यालाही महत्त्व आहे. कच्च्या चित्रात प्रकाशाची सरळ बेरीज असते, म्हणून वजाबाकी चालते. पण कच्चे चित्र पडद्यावर जवळजवळ काळे दिसते. फिकट भाग दिसावेत म्हणून आकडे ताणावे लागतात, समजा प्रत्येक आकड्याचे वर्गमूळ घेतले. उजेड ९ आणि दीर्घिका १६ असेल तर कॅमेऱ्यात २५ येतात, ताणल्यावर ५. नुसत्या उजेडाचे वर्गमूळ ३. आता ५ मधून ३ वजा केले तर २ उरतात. दीर्घिकेचे वर्गमूळ तर ४ हवे होते. म्हणून उजेड आधी काढायचा, मग ताणायचे. तारे पुसणाऱ्या स्टारनेटचे याच्या उलट आहे. त्याचे शिक्षण ताणलेल्या चित्रांवर झालेले आहे, म्हणून कच्चे चित्र त्याच्यापुढे ठेवताना आधी ताणावे लागते, नाहीतर तारे अर्धवट राहतात. त्यामुळे एकच चित्र एका प्लगइनला मानवते आणि दुसऱ्याला मानवत नाही. लेन्समुळे कोपऱ्यांत येणारा काळोख तर वजाबाकीने जातच नाही. तो गुणाकाराने आलेला असतो, म्हणून एकसारख्या पांढऱ्या पृष्ठभागाचे छायाचित्र घेऊन त्याने भागावे लागते.

पुसलेला ठिपका

तारे पुसल्यावरचे चित्र पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. देवयानीला चिकटून एम ३२ नावाची छोटी, गोलसर दीर्घिका असते. आमच्या चित्रात तिचा मधला तेजस्वी भाग ताऱ्यांबरोबर नाहीसा झाला होता. हे प्लगइन शिकवलेल्या जाळ्यावर चालते. लहान, गोल आणि मध्ये तेजस्वी ते तारा, असे त्याला दिसते. रिकाम्या जागी ते आजूबाजूचे पाहून अंदाजाने रंग भरते. तो भाग चित्रात असला तरी कॅमेऱ्याने टिपलेला नसतो, हे मुलांना आवर्जून सांगायला हवे.

एक ठिपका किती मोलाचा असू शकतो, याचे उदाहरण याच दीर्घिकेत आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीची काचेवर छायाचित्रे घेतली. एका ठिपक्याला त्यांनी आधी नवतारा म्हणून खूण केली होती. जुन्या काचांशी ताडून पाहता तो रूपविकारी तारा निघाला. त्यांनी आधीची खूण खोडून शेजारी तसे लिहिले. त्या सेफिड ताऱ्यावरून देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचे ठरले.

आणि फिकट उजेडाचे उदाहरण अगदी अलीकडचे. इतक्यांदा टिपल्या गेलेल्या देवयानीच्या आग्नेयेला सुमारे दीड अंश लांबीची एक अंधूक कमान आहे, हे हौशी निरीक्षकांच्या एका गटाने दाखवून दिले. मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेन्टी हे त्यांतले प्रमुख. ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश तेवढा घेणाऱ्या गाळणीतून कित्येक तास छायाचित्रण केल्यावर ती दिसली. ही प्लगइनची किंवा लेन्सची करामत तर नव्हे, हा पहिला प्रश्न होता. वेगळ्या ठिकाणच्या, वेगळ्या दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांनी तीच कमान टिपल्यावर जानेवारी २०२३ मध्ये शोध प्रसिद्ध झाला. इतकी मोठी आणि इतकी फिकट गोष्ट उजेडाच्या उतारासारखीच दिसते. कुणी चार घातांचा वक्र लावून ती गावच्या दिव्यांबरोबर वजा केली असती, तर पडद्यावर कसलीही सूचना आली नसती.

म्हणून आता आम्ही कोणतेही नवे प्लगइन आधी खोट्या देवयानीवर चालवतो. गिम्पमध्ये काळ्या पटावर एका बाजूने वाढत जाणारा करडा रंग भरायचा, वर ठरावीक रुंदीचा, कडेला विरत जाणारा लंबगोल ठेवायचा. सोळा बिटांत. प्लगइन चालवून लंबगोल पुन्हा मोजायचा. उत्तर आधीच माहीत असल्याने प्लगइनने काय खाल्ले ते लगेच कळते. याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि मुले हे आमच्यापेक्षा चांगले करतात. मूळ साठ फाइली मात्र वेगळ्या डिस्कवर ठेवलेल्या आहेत. त्यांना कुणी हात लावत नाही.

त्या मुलीने नव्या नमुन्यांनी उजेड काढून तिसऱ्यांदा मोजले. १८५० पिक्सेल, म्हणजे पुन्हा २.३ अंशांच्या आसपास. वहीत तिन्ही आकडे तिने एकाखाली एक लिहिले आहेत, मधल्या १३०० वर काट मारलेली नाही. शेजारी नमुने कुठे होते त्याचे चित्र आहे. त्याखाली तिचा प्रश्न आहे: पुस्तकात देवयानीची रुंदी तीन अंश दिली आहे, मग आपले पाऊण अंश कुठे गेले? कड हळूहळू विरत जाते, तेव्हा साठऐवजी दोनशे चित्रे घेतली तर रुंदी वाढेल का, हे पाहण्यासाठी पावसाळा संपल्यावरची पहिली अमावास्या तिने कॅलेंडरवर खुणावून ठेवली आहे.